शेवंतीच्या तीन गाठी

चिमीला तहान लागली होती, आणि घरात माठ भरलेला असून तिला पाणी देता येत नव्हतं.

माठातलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. गाळून, उकळून, तुरटी फिरवूनसुद्धा त्याचा कुजक्या फुलांचा वास जात नव्हता. पोयणवाडीची एकुलती एक विहीर तळ्याला खेटून होती, त्यामुळे जसं तळं तसं विहिरीचं पाणी. तेच पिऊन चार वर्षांची चिमी तीन दिवस तापानं फणफणली होती. तिचे इवलेसे ओठ सुकून पांढरे पडले होते. एरवी घरभर किलबिलणारी ती पोर आता भिंतीकडे तोंड करून गप्प पडून होती.

सकाळी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. "औषध मी देते," त्या म्हणाल्या, "पण वर हेच पाणी पाजलंत तर औषधानं तरी काय करावं? हिला चांगलं पाणी हवं, आणि आजच हवं. उद्यावर टाकू नका."

पण चांगलं पाणी आणायचं कुठून? घाटाखालच्या झरेवाडीला एक झरा होता, पण तिथं जायला दिवस लागे आणि यायला दुसरा दिवस.

चिमीची ताई शेवंती दहा वर्षांची होती. तिचे बाबा केव्हाच देवाघरी गेले होते. आई देवळाच्या पायरीवर बसून हार विकायची. या घराकडे आणखी एक काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. देवाला वाहून उतरवलेली फुलं, म्हणजे निर्माल्य, गोळा करायचं आणि तळ्यात सोडायचं. त्याबद्दल देवळातून महिन्याचा शिधा मिळे, आणि त्याच शिध्यावर तिघींची चूल पेटे.

पूर्वी म्हणे ही फुलं टोपलीतून नेत. मग प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. देवाचं फूल वाटेत सांडू नये, कुणाच्या पायदळी येऊ नये, म्हणून शेवंतीनं एक युक्ती काढली. फुलं पिशवीत घालायची आणि तोंडाला लाल दोऱ्याच्या तीन गाठी मारायच्या. एक देवाची, एक गावाची, एक आपली. गावाला ही रीत फार आवडली. पोर किती श्रद्धाळू, म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं आणि आपापल्या घरचं निर्माल्यही तसंच बांधून तळ्यात टाकायला सुरुवात केली. मग काय, पिशवीत एकदा जागा झाली की फुलांच्या सोबतीला काय काय जाऊ लागलं, ते विचारू नका!

"शेवंते," आईनं चिमीच्या कपाळावरची पट्टी बदलत हाक मारली, "आजच्या दोन पिशव्या राहिल्यात बघ. टाकून ये, बाय."

शेवंती पिशव्या आणि येताना वापरायचं पाणी आणायला कळशी घेऊन निघाली. डोळे सारखे भरून येत होते, म्हणून तिला वाट धड दिसतही नव्हती.

हे तळं एके काळी किती सुंदर होतं म्हणून सांगू! गुलाबी कमळं, निळ्या पोयणी, पानांवर लोळणारे टपोरे रुपेरी थेंब आणि त्यांवरून टुणटुण चालणारी लांब बोटांची पाणपाखरं. आता तिथं काळपट तवंग होता. पिशव्या फुगून वर आल्या होत्या. आणि या सगळ्याच्या मधोमध एकच कमळ उरलं होतं, तेही तीन पाकळ्यांचं.

शेवंतीनं हात उगारला.

"नको गं!" एक बारीकसा आवाज आला. "आता आणखी नको!"

शेवंतीचा हात वरच्या वर थांबला. कमळात कोणीतरी होतं. बोटाएवढी एक परी! तिच्या एका पंखात मोरपिसाचे सगळे रंग झिलमिलत होते, पण दुसरा पंख काळ्या तवंगानं पाठीला चिकटला होता. तिच्या पिटुकल्या पायाला लाल दोरा करकचून आवळला होता, आणि दोऱ्याच्या टोकाला असलेली जड पिशवी तिला हळूहळू पाण्यात ओढत होती.

शेवंतीनं पिशव्या आणि कळशी काठावर ठेवली. परकर खोचला आणि ती त्या घाणीत शिरली. चिखल गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत. पण ती मागं फिरली नाही. दातांनी हळूच दोरा तोडून तिनं परीला तळहातावर घेतलं आणि ओढणीच्या कोरड्या टोकानं तो चिकटलेला पंख पुसून काढला. अगदी जपून, चिमीचं नाक पुसावं तसा. पंख थरथरला आणि त्यातून सोनेरी कण उडाले.

"गुणाची आहेस," परी म्हणाली. "मी या तळ्याची परी. माझ्या कमळाच्या तीन पाकळ्या उरल्यात. एकेका पाकळीला एक इच्छा माग. पण नियम तीन आहेत, नीट ऐक. सूर्य डोंगराआड जाईपर्यंतच मागता येईल. जे मिळेल ते तोवर कोवळं असतं, म्हणून सूर्य मावळेपर्यंत त्याला तोंड लावायचं नाही. आणि तिसरा नियम सगळ्यात मोठा. माझी जादू काहीच नाहीसं करत नाही. ते इथून उठवते आणि दुसरीकडे नेऊन ठेवते."

शेवंतीनं ऐकलं खरं, पण तिचं सगळं मन घरी चिमीपाशी होतं. तुम्ही-आम्ही असतो तरी काय वेगळं केलं असतं?

"परीताई, आमचं तळं स्वच्छ होऊ दे!" ती एका दमात म्हणाली.

पहिली पाकळी गळली. तळ्यावरून झुळूक फिरली आणि सगळा तवंग, सगळ्या पिशव्या, सगळा काळा गाळ सर्रकन गुंडाळला जाऊन दिसेनासा झाला. पाणी असं नितळ झालं की तळाचे शंखसुद्धा मोजून घ्यावेत! शेवंती आनंदानं किंचाळलीच. सूर्य मावळला की कळशी भरायची आणि धावत घरी जायचं.

ती आपलं प्रतिबिंब बघायला वाकली. पण पाण्यात तिचा चेहरा दिसेना. दिसला तो एक झरा. झऱ्याकाठी चिमीएवढीच एक मुलगी ओंजळ करून बसली होती, आणि वरून तिच्या ओंजळीत काळा गाळ उतरत होता. मुलगी दचकून रडायला लागली. तिची आजी धावत आली आणि झऱ्याकडे बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"ही झरेवाडी," परी हळूच म्हणाली. "तुमच्या पाण्याची वाट खाली तिकडेच जाते."

शेवंतीनं आजूबाजूला पाहिलं. हे कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. झरेवाडी दिवसभराच्या वाटेवर. आपली चिमी बरी होईल. गप्प बसलं तर काय बिघडतं? ती कळशी उचलून चार पावलं चालूनही गेली. पण त्या मुलीचे सुकलेले ओठ तिला दिसत राहिले, आणि ते चिमीच्याच ओठांसारखे होते. ती परत आली.

"परीताई, तिथून काढ ती घाण. लांब नेऊन टाक. जिथं माणसंच राहत नाहीत अशा जागी!"

सूर्य डोंगरापासून दोन हात वर होता. दुसरी पाकळी गळली.

पाण्यातलं चित्र बदललं. आता निळाशार समुद्र होता आणि समुद्रात एक एकटं बेट. खरंच, माणसाचा मागमूस नव्हता. शेवंतीनं सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात एक मोठा पांढराशुभ्र पक्षी घरट्यावर उतरला. कापसाच्या बोळ्यासारख्या पिल्लानं भुकेनं चोच उघडली. पक्ष्यानं लाटेवरून वेचून आणलेलं काहीतरी मोठ्या मायेनं त्या चोचीत भरवलं.

तो पिशवीचा तुकडा होता. त्याला लाल दोरा होता, आणि दोऱ्याला तीन गाठी.

पिल्लानं मान ताणली. त्याला ना गिळता येईना, ना ओकता येईना. ते तडफडू लागलं आणि त्याची आई भोवती घिरट्या घालत ओरडू लागली.

"माझी गाठ!" शेवंती ओरडली. "परीताई, ती मी मारलेली गाठ आहे! थांबव ते! जाळून टाक सगळं!"

"जाळलं तर धूर होईल. तो कुठं जाईल?" परीचा आवाज आता अगदी क्षीण झाला होता. "पृथ्वीनं धुराची गोधडी आधीच पांघरलीय, शेवंती. सगळ्या गावांच्या, सगळ्या देशांच्या धुराची. दर वर्षी ती जाड होतेय. तिच्याखाली पृथ्वीला उकडतंय. लांबच्या डोंगरांवरचं बर्फ वितळतंय, पावसाचं वेळापत्रक चुकतंय. त्या गोधडीला आणखी एक ठिगळ लावू?"

"नको," शेवंती रडत म्हणाली. "मग मी ठेवू तरी कुठं? इथं नको, तिथं नको, वर नको!"

सूर्य डोंगरापासून हातभर वर उरला. बेटावरचं पिल्लू आता मान टाकत होतं.

शेवंतीनं डोळे पुसले. तिला उत्तर समजलं होतं, आणि ते तिला मुळीच आवडलं नव्हतं. "ज्याचं आहे, त्याच्या दारात जाऊ दे," ती म्हणाली.

"विचार कर," परी म्हणाली. "सगळ्यात मोठा ढीग तुझ्या दारात येईल. गाव चिडेल. शिधाही बंद होईल कदाचित. आणि सूर्य मावळायच्या आत एक जरी पिशवी परत या पाण्यात पडली, तर तळं होतं तसं काळं होईल. चिमीचं पाणी जाईल. आणि मग माझ्यापाशी एकही पाकळी नसेल."

शेवंतीनं घराच्या दिशेनं पाहिलं. पण पिल्लाचे पाय आता हलत नव्हते.

"ज्याचं त्याच्या दारात!" ती ओरडली.

तिसरी पाकळी गळली. पाण्यात शेवटचं दिसलं ते एवढंच, की पिल्लाच्या घशातला तुकडा उचलला गेला आणि त्यानं चीं करून चोच उघडली. मग चित्र विरून गेलं.

आणि गावात एकच गलका उठला!

सगुणाकाकूंच्या दारात ओल्या पिशव्यांची रास कोसळली होती. त्यांच्या घरच्या लग्नातले प्लास्टिकचे शेकडो पेलेही सोबत परत आले होते. देवस्थानाच्या पंचांमधले सर्वांत वडील नानूआबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांच्या पुढ्यात थर्माकोलचं गणपतीचं मखर धप्पकन येऊन बसलं. गेल्या वर्षी याच मखराची गावभर वाहवा झाली होती. आणि शेवंतीच्या दारात? तिथं ढीग थेट वळचणीला टेकला होता.

"कुणाचा हा चावटपणा?" नानूआबा गरजले. "उचला रे सगळं! चला तळ्यावर!"

पाहा, सवय कशी असते. पिशवी हातात आली की पाय आपोआप तळ्याकडे वळतात. अर्धं गाव पिशव्या घेऊन बांधाकडे निघालं.

शेवंती बांधावर आडवी उभी राहिली. चिखलानं माखलेली, हात पसरलेली. तिच्यामागे नितळ पाणी होतं आणि पाण्यात पाकळ्या नसलेल्या देठावर परी बसली होती. तिचे पंख फिके पडत चालले होते. सूर्याची कड डोंगराला टेकायला आली होती.

"टाकू नका!" शेवंती म्हणाली. "आबा, पाया पडते तुमच्या. एकही टाकू नका! आमच्या चिमीचं पाणी आहे ते."

"बाजूला हो, पोरी. देवाचं निर्माल्य हाय. ते पाण्यातच जातं."

"फूल जात होतं, आबा. पिशवी कुठं जाते, ते मी बघून आले." तिच्याच दारातून कुणीतरी उचलून आणलेली एक पिशवी तिनं घेऊन दाखवली. तिच्यावर समुद्रातले शिंपले चिकटले होते आणि तिच्या गाठींत एक इवलंसं पांढरं पीस अडकलं होतं. "ही मी बांधलेली. ती झरेवाडीच्या झऱ्यात गेली, तिथून समुद्रात गेली, आणि अशाच एकीचा तुकडा एका पिल्लाच्या घशात अडकला. चूक माझी आहे. गाठी मारायला मीच शिकवलं तुम्हाला."

लोक आपापल्या हातांतल्या पिशव्या उलटसुलट करून पाहू लागले. शिंपले तर सगळ्यांच्याच पिशव्यांना चिकटले होते.

"मग करावं काय आम्ही?" सगुणाकाकू रडवेल्या होऊन म्हणाल्या.

शेवंतीनं पिशवीची पहिली गाठ सोडली, मग दुसरी, मग तिसरी. आतला काळा लगदा तिनं हातांनी बाहेर काढला, पिशवी वेगळी ठेवली आणि बांधाखालच्या जमिनीत बोटांनीच खड्डा उकरायला लागली.

"देवाचं फूल मातीत घालणार व्हय तू?" नानूआबांचा आवाज चढला. "लोकांच्या पायाखाली?" त्यांनी आपल्या हातातली पिशवी पाण्याकडे उगारली.

तेव्हा शेवंतीची आई गर्दीतून पुढं आली. कडेवर मलूल चिमी, हातात फुलबागेचं खुरपं. ती आबांना एरवी मान वर करूनही कधी बोललेली नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिलं काय करता तुम्ही?"

"भुईला हात लावून नमस्कार करतो. पाय लागणार तिला, म्हणून."

"मग जिच्या पाया पडतो, तिच्या पोटात फूल ठेवलं तर ते पायदळी कसं?"

आबांचा हात उगारलेलाच राहिला. सूर्य अर्धा बुडाला होता. आई गुडघ्यांवर बसली, भुईला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि तिनं खुरपं चालवलं. हळूहळू सगुणाकाकू बसल्या. मग त्यांच्या सुना बसल्या. पटापटा गाठी सुटू लागल्या. फुलं खड्ड्यात, पिशव्या एका बाजूला. दोरे, खिळे, तसबिरींच्या काचा आणखी वेगळ्या.

तेवढ्यात वारा सुटला.

ढिगातली एक रिकामी पिशवी भुर्रकन उडाली आणि गिरक्या घेत पाण्याकडे निघाली. शेवंती झेपावली, पण पिशवी तिच्या बोटांवरून निसटली. परीनं डोळे मिटले. सूर्याची नखाएवढी कड उरली होती.

आणि नानूआबा धावले! सत्तर वर्षांचे, गुडघेदुखीनं देवळाची पायरी चढताना तीनदा थांबणारे आबा. धोतर सावरायचंही भान त्यांना उरलं नाही. पाण्याला टेकायला वीतभर राहिली असताना त्यांनी पिशवी मुठीत पकडली आणि फतकल मारून चिखलात बसले.

सूर्य डोंगराआड गेला.

मग तळ्याच्या मधोमध एक गुलाबी उजेड पेटला. परी उभी राहिली. तिचे दोन्ही पंख लखलखत होते, निळे, जांभळे, सोनेरी. पाकळ्या गळलेल्या कमळाचं हिरवं बोंड तिनं हलवलं, आणि टपोऱ्या काळ्या बिया शेवंतीच्या ओंजळीत येऊन पडल्या.

"हिऱ्या-माणकांची जादू मला येत नाही, शेवंती," ती म्हणाली. "आणि ही तर जादूच नाही, साधं बी आहे. जादू वस्तू इथून तिथं नेते. बी वाढतं. आता कळशी भर."

मग तो उजेड इतका वाढला की सगळ्यांनी डोळ्यांपुढं हात धरले. हात काढले तेव्हा परी नव्हती. फक्त पाण्यावर सोनेरी कण हलत होते, आणि मग तेही नव्हते.

शेवंतीनं कळशी भरली. आईनं ते पाणी उकळून गार केलं आणि चमच्या-चमच्यानं चिमीला पाजलं. चिमीनं अर्धी वाटी संपवली, ओठ चाटले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली, "ताई, आणखी."

शेवंती तिच्या पांघरुणात तोंड खुपसून खूप रडली.

शिधा बंद झाला नाही. उलट देवळामागं एक विटांचा खड्डा झाला आणि त्याची देखरेख शेवंतीच्या आईकडे आली. त्यातल्या खतावर आईची फुलबाग अशी बहरली की हारांना फुलं विकत आणायची गरज पडेना. निर्माल्य पुन्हा टोपलीतून येऊ लागलं. बाजाराला निघताना सगुणाकाकू जुन्या लुगड्याच्या पिशव्या वाटतात, आणि न्यायला विसरणाऱ्याला चार शब्द सुनावतात. नानूआबांनी यंदा मखर झेंडूचं आणि केळीच्या खुंटांचं केलं. वाहवा पुन्हा त्यांचीच झाली!

आणि त्या पिशव्या? त्या धुऊन, वाळवून देवळामागच्या खोलीत ठेवल्यात. थोड्या भंगारवाल्यानं नेल्या, बाकीच्या तिथंच आहेत. कुलूप नाही. कुणाला नवी पिशवी घ्यावीशी वाटली, तर त्यानं आधी त्या खोलीत डोकावून यायचं, असा गावानं नियमच केलाय.

तळ्यात आता कमळं आहेत. तुम्ही पोयणवाडीला गेलात, तर काठावर एक गुटगुटीत मुलगी पाण्यात पाय सोडून बसलेली दिसेल. ती चिमी. तिच्यासमोर सांभाळून बोला. कारण कुणीही, कुणालाही, सहज जरी म्हणालं ना, "हे टाकून दे रे," की ती मान वर करते आणि विचारते,

"कुठं?"